गाडी बंद, पंखा चालू

डिझेल गाडी पार्किंगमध्ये लावली, इंजिन बंद केलं, लॉकचं बटण दाबलं, आणि तरीही बॉनेटखालचा पंखा घोंघावत राहिला. २०२० नंतर डिझेल गाडी घेतलेल्यांपैकी बहुतेकांना हे कधी ना कधी दिसलं असणार. थंडीत ते जास्त खटकतं. हवेत गारवा, तापमानाचा काटा जिथे असायला हवा तिथेच, एसी तर लावलेलाही नव्हता, आणि पंखा मात्र पूर्ण वेगाने फिरतोय. जवळ उभं राहिलं तर गरम लोखंडाचा, किंचित जळका वासही येतो. आमच्या सोसायटीचे वॉचमनकाका दर वेळी खुर्चीवरून उठून येतात. "ताई, गाडी चालूच ऱ्हायली जनू." मी सांगते, "बंद केलीये काका. पंखा आहे तो, थांबेल आपोआप." ते मान हलवतात, पण पंखा थांबेपर्यंत गाडीपाशीच उभे राहतात. त्यांची ही काळजी मला फार आवडते.

या आवाजाबद्दल लिहायचं बरेच दिवस मनात आहे. तो ज्या कामाचा आवाज आहे ते काम, म्हणजे धुरातली काजळी पकडून जाळून टाकण्याचं काम, माझ्या मते, डिझेल गाडीतलं सगळ्यात महत्त्वाचं काम आहे. आपण ते अर्ध्यावर तोडतो, म्हणून पंखा फिरतो.

माझ्या मामाचं कराडजवळ महामार्गाला लागून इंजिनांचे डिझेल पंप आणि इंजिनात डिझेल फवारणारी नोझल दुरुस्त करायचं दुकान होतं. मे महिन्याच्या सुट्टीत आम्ही भावंडं तिथेच पडीक असायचो. टेबलाला घट्ट बसवलेलं नोझल तपासायचं यंत्र, त्याचा लांब दांडा, वर दाबाची गोल घड्याळी तबकडी. मामा दांडा हळूहळू खाली ओढायचा, काटा चढत जायचा आणि एका क्षणी नोझल करकरायचं. चांगलं नोझल असलं की आवाज कर्रकर्र असा स्वच्छ यायचा आणि डिझेलचं अगदी बारीक धुकं सुटायचं. खराब झालेलं नोझल मुकं असायचं; त्याच्या टोकाला थेंब जमायचा आणि टपकायचा. त्या धुक्याखाली बोट घालायची आम्हाला सक्त मनाई होती. एवढ्या दाबाचं डिझेल कातडी फोडून आत शिरतं, हे मामाने इतक्या गंभीरपणे सांगितलं होतं की आजही कुठलाही फवारा दिसला की माझा हात मागे येतो.

ट्रकवाले यायचे ते एकच तक्रार घेऊन: गाडी काळा मारतीय. नोझल थेंब टाकत असलं, पंप जास्त डिझेल सोडत असला की ते पुरतं जळत नाही आणि सायलेन्सरमधून काजळी होऊन बाहेर पडतं. मामाचं म्हणणं असायचं, "धूर म्हणजे मालकाचं जळालेलं डिझेल नव्हे, न जळालेलं डिझेल." त्याच्या लेखी धूर हा नुकसानीचा हिशेब होता. आमच्यापैकी कुणालाच त्यात दुसरं काही दिसत नव्हतं. मामी त्याच्या शर्टाच्या कॉलरी साबण लावून ब्रशने घासायची आणि पाणी काळं निघायचं. त्या दुकानात दिवसभर बसणाऱ्या माणसाच्या छातीत काय जमत असेल, हे तिनेही विचारलं नाही आणि आम्हीही नाही. पुढे जून २०१२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने डिझेलच्या धुराला माणसात कर्करोग घडवणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या गटात टाकलं. तंबाखू आणि अ‍ॅस्बेस्टॉस त्याच गटात आहेत. ती बातमी वाचली तेव्हा मला पहिल्यांदा मामीची ती कॉलर आठवली.

नंतर कॉमन रेल इंजिनं, म्हणजे एकाच सामायिक नळीतून सगळ्या नोझलना डिझेल देणारी इंजिनं, आली, इंजेक्शनचा दाब कित्येक पटींनी वाढला, धुकं आणखी बारीक झालं आणि नव्या गाड्यांचा काळा धूर दिसेनासा झाला. डोळ्यांना दिसेनासा झाला, एवढंच. उरलेले कण इतके बारीक की त्यांतले कित्येक एका मायक्रॉनच्या दहाव्या हिस्स्याहूनही लहान. आपला केस साधारण सत्तर मायक्रॉन जाड असतो, यावरून अंदाज करावा. असे कण नाकात अडकत नाहीत. फुप्फुसाच्या अगदी तळाशी जातात आणि तिथून रक्तातही उतरू शकतात. ते इंजिनातच टाळणं एका मर्यादेपलीकडे जमत नाही. मग उरतो एकच मार्ग: बाहेर पडण्याआधी ते पकडायचे.

पकडणारी वस्तू म्हणजे डीपीएफ, डिझेलच्या काजळीचा गाळणा. बाहेरून पाहिला तर सायलेन्सरच्या नळीत बसवलेला पत्र्याचा फुगीर डबा. आत सच्छिद्र सिरॅमिकचा ठोकळा. त्याची रचना समजायला कागदी नळ्यांची एक जुडी मुठीत धरली आहे असं समजा, आणि त्यातल्या एक आड एक नळीचं पुढचं तोंड बंद केलंय, उरलेल्यांचं मागचं. धूर उघड्या तोंडाने आत शिरतो, पुढे वाट बंद. मग त्याला नळीच्या भिंतीतून पाझरून शेजारच्या नळीत जावं लागतं. वायू पाझरतो, काजळी भिंतीवर राहते. कारमध्ये हा गाळणा मोठ्या प्रमाणावर पहिल्यांदा आला तो फ्रान्समध्ये, २००० साली, प्युजोच्या ६०७ या गाडीत. आपल्याकडे तो सरसकट आला १ एप्रिल २०२० ला, बीएस-६ या गाड्यांच्या धुराच्या नव्या नियमांसोबत. डिझेल कारने किलोमीटरमागे किती कण सोडायचे याची मर्यादा बीएस-३ मध्ये ५० मिलिग्रॅम होती, बीएस-४ मध्ये २५, आणि बीएस-६ मध्ये ती थेट ४.५ वर आली. शिवाय पहिल्यांदाच वजनासोबत कणांची संख्याही मोजायची ठरली: किलोमीटरला साठ हजार कोटींपेक्षा जास्त नकोत. आकडा अवाढव्य वाटतो, पण गाळण्याशिवाय डिझेल इंजिनाला तो गाठणं अवघड आहे.

वर्षाला बारा हजार किलोमीटर चालणारी गाडी धरली तर बीएस-४ च्या मर्यादेत तिला ३०० ग्रॅम काजळी हवेत सोडायची मुभा होती. नव्या मर्यादेत ५४ ग्रॅम. एका गाडीमागे पावशेराएवढी काजळी आता दरवर्षी कुणाच्या तरी श्वासात जाणार नाही. या चाचण्या ज्या संस्थांत होतात त्यातली एक, एआरएआय, आमच्या कोथरूडलाच वेताळ टेकडीच्या अंगावर आहे. टेकडीवर फिरायला जाताना मला नेहमी वाटतं, खाली कुठेतरी एखादी गाडी रोलरवर जागच्या जागी धावत असेल आणि तिचा श्वास मोजला जात असेल.

हे सगळं साधण्याची किंमत मोठी होती, तीही सांगायला हवी. बीएस-६ येताना छोट्या डिझेल गाड्या जवळपास संपल्या. मारुतीने डिझेल सोडलं. रांजणगावला बनणारं ते प्रसिद्ध १.३ लिटरचं मल्टिजेट इंजिन, ज्यावर कितीतरी कंपन्यांच्या गाड्या चालल्या, ते थांबलं. लहान गाडीत एवढी महागडी यंत्रणा बसवणं परवडेना. मला त्या इंजिनाचं वाईट वाटलं, आणि तरीही तो निर्णय योग्य होता असंच मला वाटतं.

आता पंख्याकडे. पकडलेली काजळी कुठेतरी जायला हवी, नाहीतर गाळणा तुंबेल आणि इंजिनाला श्वास सोडता येणार नाही. ती जागच्या जागी जाळून टाकतात. यालाच रीजनरेशन म्हणतात, गॅरेजच्या भाषेत नुसतं 'रीजन'. हायवेवर हे पुष्कळसं आपोआप होतं. अडीचशे ते चारशे अंशांच्या गरम धुरातला नायट्रोजन डायॉक्साइड काजळीला हळूहळू खात राहतो. साताऱ्याच्या रस्त्याला लागलं, खंबाटकीच्या चढावर इंजिनावर भार आला, की गाडी स्वतःला साफ करत जाते आणि आपल्याला पत्ताही लागत नाही. कराडहून परत आल्यावर माझ्या गाडीचा पंखा कधीच असा घोंघावत नाही.

शहरात ती उष्णता मिळत नाही. कोथरूड डेपोपासून निघायचं, पौड फाटा, नळ स्टॉप, डेक्कन, प्रत्येक सिग्नलला थांबायचं, शिवाजीनगरला पोचेपर्यंत इंजिन जेमतेम तापलेलं, आणि गाडी बंद. काजळी मात्र साठतच असते. गाळण्याच्या दोन्ही बाजूंच्या दाबातला फरक एक सेन्सर सतत मोजत असतो. त्यावरून आणि किती चाललो याच्या हिशेबावरून इंजिनाचा संगणक ठरवतो की आता जाळायला हवं. मग तो नेहमीच्या इंजेक्शननंतर, ज्वलन होऊन गेल्यावर, थोडं जास्तीचं डिझेल सोडतो. ते गाळण्याच्या आधीच्या कॅटॅलिस्टवर, म्हणजे ज्वलनाला चालना देणाऱ्या थरावर, जळतं आणि धुराचं तापमान सहाशे अंशांच्या आसपास जातं. तेवढ्या उष्णतेत काजळी पेटते. दहा ते वीस मिनिटांचं काम. त्या वेळात गाडी बारीकसारीक खुणा देते: सिग्नलला थांबल्यावर इंजिनाचा वेग नेहमीपेक्षा थोडा वर राहतो, थांबल्यावर इंजिन आपोआप बंद करणारं स्टार्ट-स्टॉप काम करत नाही, मायलेजचा आकडा घसरतो, सायलेन्सरचा आवाज जडसर होतो. दिवा मात्र लागत नाही. बऱ्याच गाड्या हे काम मालकाला न सांगताच करतात, आणि हीच मला कंपन्यांची मोठी चूक वाटते. साधं एक चिन्ह दाखवलं असतं, 'सफाई सुरू आहे', तर कितीतरी लोक पाच मिनिटं जास्त फिरले असते.

कारण घडतं ते असं. काजळी पेटलेली आहे, आणि नेमकं घर येतं. आपण चावी फिरवतो. इंजिन थांबतं, डिझेल थांबतं, पण तो सहाशे अंशांचा ठोकळा तिथेच असतो. हल्लीच्या बहुतेक गाड्यांत तो लांब मागे नसून इंजिनाला अगदी चिकटून, टर्बोच्या शेजारी बसवलेला असतो, कारण तिथे उष्णता लवकर मिळते. त्याच्या आजूबाजूला वायरी, रबरी नळ्या, प्लास्टिक. गाडी पळत होती तोवर वारा ती उष्णता वाहून नेत होता. आता वारा नाही. म्हणून संगणक पंखा चालू ठेवतो आणि काही मिनिटांनी स्वतःच बंद करतो. बिघाड नाही, बॅटरी उतरण्याची धास्तीही नाही. मे महिन्यात एसी लावून, ट्रॅफिकमधून तापून आलेली गाडीही असा पंखा फिरवते, ती गोष्ट वेगळी. हवा थंड, काटा मधोमध, वास जळका, आणि पंखा जोरात, असं सगळं एकत्र आलं की समजावं, आपण मध्येच उठलो.

एकदा असं झालं तर काहीच बिघडत नाही. पुढच्या वेळी इंजिन तापलं की काम पुन्हा सुरू होतं. रोज झालं तर मात्र दोन ठिकाणी त्रास साठतो. एक तर गाळण्यात. मग डॅशबोर्डवर दिवा येतो, तो दुर्लक्षिला तर गाडी ताकद आवरून घेते, आणि काजळी ठराविक मर्यादेपलीकडे गेली की संगणक स्वतःहून जाळायला नकार देतो. तो नकार शहाणपणाचा आहे. खूप साठलेली काजळी एकदम पेटली तर सिरॅमिकला तडे जातात.

दुसरा त्रास ऑइलमध्ये, आणि याकडे फारसं कुणी पाहत नाही. ते उशिरा सोडलेलं डिझेल सगळंच सायलेन्सरकडे जात नाही. थोडं सिलिंडरच्या भिंतीवरून ओघळून खाली ऑइलमध्ये उतरतं. रीजन वारंवार सुरू होऊन तुटत राहिलं की ऑइलची पातळी कमी होण्याऐवजी वाढते आणि ऑइल पातळ होतं. म्हणून मी महिन्यातून एखाद्या रविवारी सकाळी, गाडी थंड असताना, डिपस्टिक काढून पुसते, पुन्हा घालून बघते. मामाने शिकवल्याप्रमाणे थेंब अंगठा आणि तर्जनीत चोळते, नाकाशी नेते. डिझेलचा वास ऑइलच्या वासात लपत नाही. पातळी वरच्या खुणेच्या पुढे गेली असेल तर सर्व्हिसची तारीख लांब असली तरी ऑइल बदलायचं. आणि बदलताना कमी राख सोडणारं, कंपनीने सांगितलेल्या ग्रेडचंच घालायचं. काजळी जळते, पण ऑइलमधल्या कॅल्शियम, मॅग्नेशियम, झिंकची राख जळत नाही. ती गाळण्यात कायमची राहते. स्वस्त ऑइलने वाचलेले पैसे पुढे गाळण्याच्या बिलात निघतात.

वर्कशॉपमध्ये करवून घेतलेलं रीजन मी एकदा जवळून पाहिलं आहे. एका ओळखीच्या काकूंची गाडी होती. शाळा, मंडई, देऊळ, एवढंच तिचं जग. मेकॅनिकने गाडी उघड्यावर, काँक्रीटवर उभी केली, सायलेन्सरच्या मागचं सगळं हलवलं, आग विझवायचं सिलिंडर जवळ आणून ठेवलं. लॅपटॉप जोडला. इंजिन स्वतःच मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या वर गेलं आणि तिथेच ठाम राहिलं. पडद्यावर तापमानाचा आकडा चढत गेला, तीनशे, साडेचारशे, सहाशेला आला. मागून दिसणारी भिंत उष्णतेने थरथरायला लागली. काकू माझा हात घट्ट धरून उभ्या होत्या. "अगं, पेट घेणार नाही ना?" मेकॅनिक म्हणाला, "काकू, पेटवलीच आहे, पण आतल्या आत." पंचवीसेक मिनिटांनी दाबाचा आकडा खाली आला आणि ते संपलं. त्यानंतर मी वाळलेल्या गवतावर गाडी कधी उभी केलेली नाही. फेब्रुवारी-मार्चमध्ये सिंहगडाच्या वाटेला किंवा पठारांवर लोक बिनदिक्कत गवतात गाड्या घालतात. रीजन चालू असलेली गाडी तिथे वणवा लावू शकते, हे पार्किंगच्या पावतीवर छापायला हवं.

दोष नेहमी चालवणाऱ्याचाच असतो असं मात्र नाही. ऑस्ट्रेलियात टोयोटाच्या हायलक्स, प्राडो आणि फॉर्च्युनर मिळून अडीच लाखांहून अधिक गाड्यांच्या बाबतीत तिथल्या फेडरल कोर्टाने २०२२ मध्ये निकाल दिला की गाळण्याची रचनाच सदोष होती, आणि ताशी शंभरच्या आसपास सलग चालवल्यावरही ती नीट काम करत नव्हती. तेव्हा "मॅडम, तुम्ही शहरात चालवता म्हणून होतंय" हे उत्तर ऐकून गप्प बसू नये. सर्व्हिसचा कागद मागावा, शेवटचं रीजन किती किलोमीटरपूर्वी पूर्ण झालं ते विचारावं. संगणकाकडे ती नोंद असते.

आणि ज्यासाठी मुळात लिहायला बसले ते आता. दिवा लागलेल्या गाडीचा मालक वैतागून रस्त्यावरच्या गॅरेजमध्ये जातो आणि तिथे त्याला एक सोपा उपाय मिळतो: "साहेब, काढूनच टाकू. आतला ठोकळा फोडतो, मॅपिंग मारून देतो. दिवा परत लागणार नाही, पिकअपही वाढेल." डबा तसाच दिसतो, आत पोकळ. संगणकाला सांगितलं जातं की गाळणा आहे आणि ठणठणीत आहे. पंखा पुन्हा कधी घोंघावत नाही. मला हे ऐकलं की राग आवरत नाही. ती काजळी संपत नाही, फक्त तिचा पत्ता बदलतो. सिग्नलला त्या गाडीच्या मागे स्कूटरवर आईच्या पुढे उभं असलेलं पोर असतं, त्याचं नाक सायलेन्सरपासून फार लांब नसतं आणि जवळजवळ त्याच उंचीवर असतं. ज्याने कधी डिझेल भरलं नाही त्याच्या छातीत आपण आपला कचरा टाकतो. गाळणा महाग आहे, रीजनला वेळ जातो, हे सगळं खरं. रोजचं जाणंयेणं पाच-सात किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊच नये, पेट्रोल घ्यावं, सीएनजी घ्यावं, जमलं तर इलेक्ट्रिक. लांबचा प्रवास असणाऱ्याने डिझेल घ्यावं आणि आठवड्यातून एकदा तिला कात्रजच्या बायपासवर मोकळं सोडावं. पण घेतल्यावर गाळणा फोडणं याला मी काटकसर म्हणणार नाही.

हे थांबत नाही, कारण पकडलं जात नाही. आपल्याकडे पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यातल्या व्हॅनमध्ये डिझेल गाडीची पीयूसी होते तेव्हा उभ्या गाडीचा अ‍ॅक्सिलरेटर दाबून धूर किती दाट आहे ते पाहतात. नव्या इंजिनाचा धूर गाळणा काढल्यावरही फारसा दाट दिसत नाही, आणि पोकळ डबा घेऊन गाडी सहज पास होऊ शकते. बेल्जियमने जुलै २०२२ पासून, नेदरलँड्सने जानेवारी २०२३ पासून आणि जर्मनीने त्याच वर्षीच्या जुलैपासून नेहमीच्या तपासणीत कण मोजायला सुरुवात केली. एक नळी सायलेन्सरमध्ये घालायची, इंजिन नुसतं चालू ठेवायचं, आणि एका घन सेंटिमीटरमध्ये किती कण आहेत ते यंत्र सांगतं. जर्मनीत अडीच लाखांच्या वर गेलं की गाडी नापास. धड गाळण्याची गाडी या आकड्याच्या खूप खाली असते, पोकळ डब्याची कित्येक पटींनी वर, म्हणून वाद घालायला जागाच उरत नाही. हे यंत्र आपल्या पीयूसी केंद्रांवर आलं पाहिजे. सगळीकडे एकदम नको, आधी पुणे, मुंबई, नागपूर, नाशिक एवढ्या शहरांत येऊ द्या, आणि फक्त बीएस-६ डिझेल गाड्यांसाठी. ठोकळा फोडून देणाऱ्या गॅरेजला त्यानंतर पहिला प्रश्न गिऱ्हाईकच विचारेल: पीयूसीत पास होईल का?